सेवार्थ परदेशगमन आणि प्रतीक्षेचा काळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत खडू-फळ्याच्या संगतीत गेली आणि परदेश पाहिला तो वर्गातील भिंतीवरच्या नकाशात. तथापि गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत शिक्षण निधीचा जो विषय निघाला व निर्णयाविना तहकूब राहिला, तो याच प्रश्नाशी निगडित आहे. तेव्हा आपला अनुभव आणि थोडेबहुत वाचन ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, हे आम्ही कर्तव्य समजतो.

परदेशगमन म्हटले की आपल्या घरांत दोन-तीनच चित्रे डोळ्यांपुढे येतात : आखाती देशांतील नोकरी, जहाजावरील नोकरी, आणि अलीकडे मुलांचे अमेरिकेतील वा जर्मनीतील शिक्षण. परंतु याहून निराळे असे एक परदेशगमन आहे, ज्यात मनुष्य द्रव्यार्जनासाठी जात नाही व पदवीसाठीही जात नाही. आपल्या अंगची विद्या वा कला परक्या, अडलेल्या लोकांच्या उपयोगी पडावी एवढ्याच हेतूने तो वर्ष-दोन वर्षे तिकडे राहतो. त्यास वेतन मिळत नाही. राहण्या-जेवण्यापुरता निर्वाह भत्ता मिळतो. इंग्लंडात १९५८ साली अशा स्वयंसेवकांची एक संस्था निघाली. अमेरिकेत १९६१ साली शासनानेच ‘पीस कोअर’ या नावाने हे कार्य हाती घेतले आणि त्या संस्थेचे तरुण १९७६ पर्यंत आपल्या देशातही येऊन राहत होते. १९७० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने स्वयंसेवकांची स्वतंत्र योजना मंजूर केली. तिचे मुख्य कार्यालय १९९६ पासून जर्मनीतील बॉन शहरी आहे. डॉक्टर, परिचारिका, अभियंते, शिक्षक, शेतीतज्ज्ञ अशी सर्व तऱ्हेची माणसे यांत घेतली जातात. दर वर्षी ५ डिसेंबर हा दिवस जगभर स्वयंसेवक दिन म्हणून पाळला जातो.

हे कार्य कितीही उदात्त असो, त्याचे दार ठोठावल्याबरोबर उघडत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. प्रथम अर्ज. त्यात केवळ नाव-गाव-शिक्षण नव्हे, तर ‘आपण का जाऊ इच्छिता, संकटात आपण कसे वागला’ अशा प्रश्नांची सविस्तर उत्तरे लिहावी लागतात. नंतर छाननी, मग एक वा दोन मुलाखती, मग ज्यांच्या हाताखाली काम केले अशा वरिष्ठांकडून चौकशी, मग वैद्यकीय तपासणी. परिचारिका असेल तर राज्याच्या परिचर्या परिषदेचे नोंदणीपत्र हवे. प्रमाणपत्रांवर प्रथम राज्य शासनाची साक्षांकने आणि त्यावर केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर हवी. हिला ‘अपोस्टिल’ म्हणतात आणि आपल्या देशात ही पद्धत २००५ सालापासून रूढ आहे. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा. आफ्रिकेतील पुष्कळ देशांत जायचे तर पीतज्वराची लस प्रवासापूर्वी निदान दहा दिवस टोचून घेतलेली हवी. ही लस पूर्वी दहा वर्षांनी पुन्हा टोचावी लागे. २०१६ पासून एकदा टोचली की तिचा दाखला जन्मभर चालतो. आणि हे सर्व दिव्य पार पडल्यावरही पुष्कळ संस्थांत उमेदवाराचे नाव केवळ यादीत जाते. त्याच्या विद्येला साजेशी जागा जगाच्या कोणत्या कोपऱ्यात, केव्हा निघेल, हे कोणासच सांगता येत नाही. जागा निघेपर्यंत थांबणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

या थांबण्याविषयीच आज आम्हांस बोलावयाचे आहे. कारण अर्जाचा ताप उमेदवार सोसतो, परंतु थांबण्याचा ताप सबंध घर सोसते.

समुद्र हा आपणा अष्टागरवासीयांस कधी परका नव्हता. चौलच्या बंदरातून शतकानुशतके परदेशांशी व्यापार झाला. कान्होजी आंग्र्यांचे आरमार याच पाण्यावर वावरले. असे असूनही एके काळी समुद्रोल्लंघन हे पातक मानले जाई, आणि परदेशाहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे अथवा ज्ञातीबाहेर राहावे लागे. ही गोष्ट ज्ञातिसंस्थांनी विसरू नये. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्व जण आदराने घेतो. त्यांचे यजमान गोपाळराव हे टपाल खात्यात होते व काही काळ नोकरीनिमित्त आपल्या अलिबागेसही होते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांस माहीत असेल. पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी गोपाळरावांनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. ते छापले गेले व १८८० साली न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. प्रत्यक्ष आगबोटीवर आनंदीबाईंचे पाऊल पडले ते एप्रिल १८८३ मध्ये. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे! या पाच वर्षांत त्यांनी बदल्या सोसल्या, लोकांची कुजबूज सोसली आणि अभ्यास सोडला नाही. निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे भर सभेत उभे राहून, आपण का जात आहोत हे त्यांनी सांगितले. बहिष्काराच्या भयालाही उत्तर दिले. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. त्या शिक्षणासाठी गेल्या होत्या हे खरे. परंतु येथील स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळावी हाच त्यांचा हेतू असल्याने, त्यांचे ते पाच वर्षांचे थांबणे सेवेसाठीच होते असे आम्ही समजतो.

शुद्ध सेवेसाठी परदेशी गेलेल्या महाराष्ट्रीयांत अग्रस्थान द्यावयाचे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांस. त्यांचा जन्म सोलापुरास १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला व वैद्यकीय शिक्षण मुंबईस झाले. चीनवर जपानने आक्रमण केले, तेव्हा तेथील सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी देशास आवाहन केले आणि जुलैमध्ये बावीस हजार रुपयांचा निधी जमला. पाच डॉक्टर निवडले गेले : अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि आपले डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ही मंडळी मुंबईहून बोटीने निघाली.

चित्रपटात पाहताना ही गोष्ट झटपट घडल्यासारखी वाटते. परंतु कागदांचे झेंगट तेव्हाही होते. कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांची निवड झाली होती. इंग्रज सरकारने त्यांस पासपोर्टच दिला नाही, म्हणून त्यांच्या जागी डॉ. बसू गेले. आणि चीनमध्ये पोहोचल्यावर तरी थांबणे संपले काय? मुळीच नाही. येनानच्या बाजूस, जेथे गरज मोठी तेथे जाण्याची या डॉक्टरांची इच्छा होती. परंतु त्यांस चुंगकिंग येथे अडकून पडावे लागले. याच मुक्कामात द्वारकानाथांस वडील वारल्याची वार्ता कळली. थोरल्या जबाबदारीचे ओझे घरी वाट पाहत होते. तरी ते मागे फिरले नाहीत. जानेवारी १९३९ मध्ये ती मंडळी चुंगकिंगहून निघाली आणि फेब्रुवारीत येनानला पोहोचली. मुंबईहून निघाल्यापासून इच्छित स्थळी पोहोचण्यास पाच महिन्यांवर काळ गेला.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. द्वारकानाथ चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांस शिकवू लागले, आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावे असलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला व त्यात त्यांची भूमिका स्वतः केली. चीनमध्ये त्यांचे स्मरण आजही आदराने केले जाते.

आम्ही शाळेत हा धडा शिकवीत असू, तेव्हा मुलांस डॉ. कोटणिसांचे नाव पाठ होई, डॉ. रणेन सेन यांचे मात्र कोणास ठाऊकही नसे. पण सेन यांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी आपले आयुष्य देशातच सार्वजनिक कार्यात वेचले. ज्याचा अर्ज फळास येत नाही, त्याची तयारी फुकट जात नाही, हे त्यांच्याकडून शिकावे. अर्ज करणारे अनेक असतात व जाणारे थोडे. घरच्यांनी हे आरंभीच मनाशी धरले तर पुढचे पुष्कळसे दुःख टळते.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या शिकलेली परिचारिका आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ती शिकत होती. त्या दिवसाचे वर्णन आपणांस काय सांगावे? श्रीवर्धन-दिवेआगरापासून अलिबागपर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी कोणाकोणाची कोठून कोठून आलेली माणसे आपल्या वाड्यांत राबली! त्यांनी झाडे तोडून वाटा मोकळ्या केल्या, धान्य वाटले, पत्रे चढविले. त्यांत ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या जिल्ह्याचे असे पुष्कळ होते. त्या वेळीच मुलीच्या मनाने घेतले की, आपणही एकदा असेच कोठे तरी, जेथे आपले कोणी नाही तेथे, उपयोगी पडावे.

शिक्षण संपवून, रुग्णालयात तीन वर्षांचा अनुभव घेऊन तिने एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे अर्ज केला. त्यास आज एकोणीस महिने झाले. पहिली अडचण आली ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर जुने आडनाव, आधारपत्रावर गावावरून पडलेले ‘कर’ जोडलेले आडनाव, आणि परिचर्येच्या प्रमाणपत्रावर आईच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच. तीन कागदांवर जणू तीन मुली! राजपत्रात नाव प्रसिद्ध करणे, प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, पुन्हा दुरुस्ती, यांत चार महिने गेले. त्यानंतर मुलाखती झाल्या, वैद्यकीय तपासणी झाली आणि एके दिवशी पत्र आले की, आपली निवड झाली असून योग्य जागा निघताच कळविण्यात येईल. त्या पत्रालाही आता आठ महिने लोटले.

या एकोणीस महिन्यांत आमच्या बंधूंच्या घरी काय घडले, ते येथे बसलेल्या प्रत्येक आईबापास कल्पिता येईल. तीन चांगली स्थळे आली. पहिल्या दोघांनी विचारले, ‘मुलगी जाणार की राहणार?’ उत्तर नव्हते. ते निघून गेले. वादळानंतर वाडी पुन्हा उभी करण्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर आहे, आणि मुलीने पगाराची नोकरी सोडून बिनपगारी कामास जावे, हे बापाच्या गळी उतरत नाही. त्याचेही चुकते असे आम्ही म्हणणार नाही. घरात संध्याकाळी दूरध्वनी वाजला की सर्वांचे कान टवकारतात, आणि तो अन्य कोणाचा निघाला की कोणीच काही बोलत नाही. एकदा तिच्या मामींनी जरा त्राग्यानेच विचारले, “अगो, एवढं थांबून मिळणार काय तुला?” मुलगी हसून म्हणाली, “मामी, आपण वादळानंतर पोफळीची रोपं लावली. दुसऱ्या वर्षी कोणी घड उतरवायला गेलं का?” मामी निरुत्तर झाल्या. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, हे आपल्या वाडीतल्या पोरांस कोणी शिकवावे लागत नाही; माणसाच्या बाबतीत मात्र आपल्याला तेवढा धीर निघत नाही.

आणि ती नुसती बसून नाही, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. मोठ्या रुग्णालयातील नोकरी सोडण्याऐवजी तिने जवळच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात कंत्राटी काम धरले. आफ्रिकेतील पुष्कळ देशांत फ्रेंच चालते, म्हणून रात्री ती फ्रेंच शिकते. पावसाळ्यात आपले कोळीबांधव होड्या ओढून शाकारतात, तेव्हा दर्यावर जाता येत नाही म्हणून ते कपाळाला हात लावून बसतात काय? जाळी तपासतात, फाटलेली विणतात, यंत्रे दुरुस्त करतात, आणि नारळी पौर्णिमेला जो सज्ज असतो तोच प्रथम दर्या गाठतो. प्रतीक्षेचा काळ हा असा वापरावा.

आता जे आक्षेप आमच्या कानी आले, त्यांचा विचार करू. कोणी म्हणतात, ‘इतका उशीर होतो, त्या अर्थी ही फसवणूक असावी.’ शंका घेणे शहाणपणाचेच आहे. परंतु खरी संस्था आणि खोटी संस्था ओळखण्याची खूण उशीर ही नव्हे. उलट खोटा दलाल ‘आठवड्यात पाठवितो’ असे सांगतो. खूण ही की, संयुक्त राष्ट्रसंघाच्या योजनेसारख्या खऱ्या संस्था निवडीसाठी उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर शुल्क मागत नाहीत. जो पैसे मागेल, त्याच्या दारी पुन्हा जाऊ नये.

दुसरा आक्षेप जड आहे : ‘आपल्याच तालुक्यात परिचारिका कमी, मग परदेशाची सेवा कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्याबद्दल आम्हांस आदर आहे, कारण त्यास गावाची कळकळ आहे. परंतु आमच्या पुतणीने थांबण्याच्या काळात गावचेच आरोग्य केंद्र धरले, हे त्याचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे असे की, वादळात आपल्या वाडीत राबावयास आलेल्या परगावच्या माणसांस त्यांच्या गावकऱ्यांनी हाच प्रश्न विचारून अडविले असते, तर आपले काय झाले असते? सेवेचा हिशेब गावाच्या शिवेपाशी मिटत नाही. शिवाय जो दोन वर्षे परक्या मुलखात अपुऱ्या साधनांनिशी रुग्ण सांभाळून येतो, तो परतल्यावर आपल्या केंद्रास अधिकच उपयोगी पडतो.

तिसरा आक्षेप निधीविषयीचा. ‘ज्ञातीचा पैसा ज्ञातीच्या मुलांसाठी’ हे तत्त्व आम्हांस पूर्णतः मान्य आहे. जाणारी मुले ज्ञातीचीच आहेत. एक गोष्ट मात्र प्रथमच स्पष्ट करतो : आमच्या पुतणीचा खर्च होऊन गेला आहे व ती या निधीतून एक पैही घेणार नाही. तेव्हा यात आमचा स्वार्थ कोणी शोधू नये.

आमच्या सूचना चार आहेत. पहिली : दर वर्षी मे महिन्यात, मुंबईची मंडळी गावी येतात तेव्हा, मंडळाने कागदपत्र तपासणीचे शिबिर भरवावे. आम्ही निवृत्त शिक्षक त्यासाठी विनामूल्य बसू. शाळेच्या जनरल रजिस्टरातील नावे व तारखा आम्हांस अंगवळणी पडलेल्या आहेत. पूर्वी ज्यांची जन्मतारीख घरच्यांस सांगता येत नसे अशा कितीकांची १ जून हीच तारीख रजिस्टरात पडली, आणि त्यांपैकी कितीक आज त्या तारखेपायी अडतात. नव्या आईबापांनी ध्यानात ठेवावे की, १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलास पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. बारशाबरोबरच तो दाखला नीट तपासून घ्यावा. नावातील एका अक्षराची चूक वीस वर्षांनी चार महिने खाते.

दुसरी : शिक्षण निधीतून अशा उमेदवारांस कागदपत्रे, लस व मुलाखतीचा प्रवास यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि ती परतल्यावर हप्त्यांनी घ्यावी. ज्याची निवड होणार नाही, त्यासही परतफेडीची तितकीच मुदत द्यावी. तिसरी : आपल्या वधूवर सूचक नोंदवहीत, परदेशी सेवेसाठी थांबलेल्या मुलामुलींची तशी नोंद मोकळेपणाने व्हावी. ज्यास ते मान्य असेल तो पुढे येईल. ज्यास नसेल तो सुरुवातीसच बाजूस होईल, आणि मुलीच्या बापास तीन-तीन वेळा खाली मान घालावी लागणार नाही. एक आनंदाची वार्ता सांगतो : जे तिसरे स्थळ आले होते, त्या मुलाने ‘दोन वर्षे थांबतो’ असे आपण होऊन कळविले आहे. चौथी : जो कोणी जाऊन परत येईल, त्याने या मेळाव्यात उभे राहून सांगावे की त्याने काय पाहिले व काय शिकले. म्हणजे पुढच्यांची वाट सुकर होईल.

एके काळी ज्ञाती समुद्र ओलांडणाऱ्यास दाराबाहेर ठेवीत असे. आज ज्ञातीने त्याच्या घरच्यांसोबत दारात बसून वाट पाहावी, एवढीच आमची मागणी आहे. तिला फार पैसा लागत नाही. मनाची तयारी लागते. गतवर्षी तहकूब झालेला विषय या वर्षीच्या सभेत मताला घ्यावा व त्याचा निकाल लावावा, अशी अध्यक्ष महाशयांस सविनय विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!